गुराबेवरून न परतलेल्या तांडेलाच्या मुशाहिऱ्याची हकीकत

श्री. ज्याच्या पोटी सर्व नद्या जातात आणि तरी ज्याचे पोट भरत नाही, त्या रत्नाकरास प्रथम दंडवत. मग गजाननास, मग शारदेस, आणि मग त्या चाकरमाणसांस, ज्यांच्या हातांवर राज्ये उभी राहिली. शके सोळाशे बेचाळीस, शार्वरी नाम संवत्सरे, श्रावणमासी एका समुद्रकाठच्या राज्यात जे वर्तमान सुरू जाहले आणि पुढे कैक वर्षे चालिले, ते वडिलांच्या तोंडून जैसे ऐकिले तैसे लिहितो. राज्याचे नाव पुसू नये.

त्या राज्याचे थोरले महाराज मोठे न्यायी होऊन गेले. त्यांनी चाकरीचा जाबता करविला, म्हणजे धनी आपल्या चाकराचे काय देणे लागतो याचा कायदा, आणि तो काळ्या दगडात कोरवून बंदराच्या वेशीवर बसविला, की ज्यास वाचता येते त्याने वाचावा आणि ज्यास येत नाही त्याने वाचवून घ्यावा. त्यात ऐसे होते की, महिना सरला की आठवड्याच्या आत मुशाहिरा, म्हणजे दरमहाचे वेतन, चाकराच्या हाती पडावा, आणि चाकर आजारी पडला तर वेतन कापू नये, आणि कामावर हात अथवा पाय गेला तर बसल्या जागी पोसावा, आणि चाकरीतली बाई बाळंत होईल तर तिची जागा दुसऱ्यास देऊ नये, आणि कामावर मृत्यू आला तर त्याच्या बायकोस निम्मे वेतन तिच्या हयातीपर्यंत पोचावे व राहते घर कोणी काढून घेऊ नये. आणि हा जाबता आधी सरकारास लागू, मग सावकारांस, कारण सरकार हाच सर्वांत मोठा धनी, ऐसेही लिहविले होते. एक गोष्ट तेवढी लिहावयाची राहिली, आणि ती कोणाच्या ध्यानी आली नाही, कारण तैसा प्रसंगच तोवर पडला नव्हता.

मग थोरले महाराज कैलासवासी जाहले आणि त्यांचे पुत्र गादीवर बसले, त्या समयी बंदरावर पदाजी म्हणोन एक तांडेल होता. तांडेल म्हणजे गलबतावरच्या खलाशांचा पुढारी. अंगाने उंच, बोलणे थोडे, आणि हसला तर डोळे मिटून हसे. त्याची बायको चांगुणा. तीही उंच, सावळी, आणि रागाला मोठी तिखट. घरात पदाजीची म्हातारी आई भिमाई. तटाखाली सरकारी जागेत त्यांचे घर होते, आणि लग्नास चार वर्षे जाहली तरी मूल नव्हते, परंतु त्या गोष्टीवरून घरात कोणी कोणास बोलत नसे. नारळी पौर्णिमा झाली आणि दर्यास नारळ अर्पण जाहला, तोच सावकारांची गलबते दक्षिणेच्या बंदरास निघाली, आणि त्यांच्या रखवालीस सरकारची एक गुराब, म्हणजे तोफांचे मोठे लढाऊ गलबत, पाठवावयाचे ठरले. आरमाराचे कारभारी लखोपंत यांनी पदाजीस बोलावून हुकूम दिला. तेव्हा पदाजी बोलिला, "पंत, वारा अजून ठरला नाय. आठ दिस थांबू." पंत बोलिले, "सावकारांचा माल थांबत नाही, तांडेल. हुकूम आहे." मग पदाजी घरी येऊन कांबळे गुंडाळू लागला. चांगुणेस मोठा राग आला. ती बोलिली, "सण सरला नाय तोवर निघालास. दर्याच बायको हाय तुझी. जा, तिकडंच ऱ्हा आता." पदाजी डोळे मिटून हसला. मग ती धक्क्यावर गेली खरी, परंतु रागाने पाठ फिरवून उभी राहिली, आणि गुराब सुटली तेव्हा वळून पाहिले, तो शिडे भरली होती आणि माणसे ओळखू येत नव्हती.

पुढे सहाव्या दिवशी वादळ जाहले. सावकारांची गलबते मोडकी तोडकी होऊन परत आली, आणि त्यांनी सांगितले की, गुराब आमच्या पुढे होती आणि अंधारात तिचा दिवा दक्षिणेकडे वाहत गेला, पुढे दिसला नाही. तिजवर चाळीस माणसे होती. एक फळी काठास लागली नाही, एक प्रेत लागले नाही. दसरा गेला, दिवाळी गेली. वेतन थांबले तेव्हा गुराबेवरच्या खलाशांच्या बायका बंदरकचेरीत मुशाहिरा मागावयास गेल्या, आणि लखोपंतांनी जाबता काढून त्यांस समजाविले. पंत दुष्ट नव्हते. खजिन्याचा पैका आपल्या बापाचा समजोन जपणारे, ऐसे एक जातीचे कारभारी असतात, त्यांपैकी ते होते. पंत बोलिले, "बायांनो, चाकर हजर असेल तर त्याचे वेतन त्याने घ्यावे. चाकर मेला असेल तर तुम्हांस निम्मे मिळेल. तुमचे हजर नाहीत. तेव्हा मेले म्हणोन लिहून द्या." एकीने पुसले, "लिहून द्यायचं म्हंजी कसं, पंत?" पंत बोलिले, "शास्त्राची रीत आहे. देह मिळत नाही तेथे पळसाच्या पानांचा पुतळा करावा, त्यास अग्नी द्यावा, दिवस करावे. मग सरकार समजेल." बाया घरी आल्या आणि पंधरा दिवस कोणी काही केले नाही. मग घरातले तांदूळ संपले. मग साळू म्हणोन एक खलाशाची बायको होती, तिची तीन लेकरे, तिने प्रथम पुतळा केला आणि नदीमुखाशी जाळिला आणि कुंकू पुसिले. मग दुसरीने केले. मग रोज एक दोन होऊ लागले, आणि पळसाची पाने गावात मिळेनाशी जाहली म्हणोन डोंगरातून आणवीत.

चांगुणेने केले नाही. भिमाईने एके दिवशी पळसाची पाने आणून ओटीवर ठेविली. चांगुणा बोलिली, "हे काय, आत्याबाय?" भिमाई बोलिली, "माझ्या लेकाला तहान लागली आसंल, पोरी. खाऱ्या पान्यात मेला तो. कोनीतरी त्याला गोडं पानी द्यावं लागंल." चांगुणा बोलिली, "मेला ह्ये तुमाला कोनी सांगितलं?" भिमाईने छातीवर हात ठेविला आणि बोलिली, "हितं कळलं." चांगुणा बोलिली, "माझ्या हितं काय कळलं नाय अजून. मी त्याला तिकडंच ऱ्हा म्हनाले. रागानं म्हनाले. आता मीच त्याला जाळू?" आणि तिने ती पाने उचलून गुरांपुढे टाकिली. मग दोघी सासूसुना उपाशी निजल्या. ऐसे होळीपर्यंत चालिले. चांगुणा दुसऱ्यांची जाळी विणी, मासळी वाळवी, आणि जे मिळेल त्यात दोन पोटे ढकली.

मग पंतांनी विचार केला की, ही बाई नवरा मेला ऐसे लिहून देत नाही, आणि नवरा तर हजर नाही, तेव्हा जो हजर नाही आणि मृतही नाही तो पळाला म्हणावा. आणि त्यांनी पदाजी तांडेल पळपुटा ठरवून हुकूम काढिला की, पळपुट्याचे घर सरकारजमा व्हावे, एका महिन्यात खाली करावे. शिपाई येऊन हुकूम वाचून गेला. ज्या भिमाईने आजवर सुनेशी वाद केला होता, ती मोठ्याने बोलिली, "मेला म्हना, बुडाला म्हना, वाटंल ते म्हना. माझा लेक पळाला म्हनू नगा." मग तिने सुनेस हाताशी धरिले आणि म्हणाली, "चल. राजाकडं जाऊ." परंतु म्हातारीस घाट चढवेना, म्हणोन ती मागे राहिली आणि सोबतीस साळू निघाली. साळूस आता निम्मे वेतन मिळत होते आणि तिचे काही अडले नव्हते. चांगुणेने पुसले, "तू कशाला येतीस?" साळू बोलिली, "ठावं नाय. ऐकायचं हाय मला."

दोघी घाट चढून राजधानीस गेल्या आणि देवडीवर बसून राहिल्या, आणि सातव्या दिवशी महाराजांनी त्यांस आत घेतले. लखोपंतांस बंदरावरून बोलावणे गेले आणि तेही आले. महाराज वयाने तरुण, बोलणे मंद, आणि ऐकताना खाली पाहावयाची सवय. पंत हात जोडून बोलिले, "महाराज, थोरल्या स्वामींच्या जाबत्यात दोनच तऱ्हा. चाकर हजर, तर वेतन. चाकर मृत, तर बायकोस निम्मे. ही बाई दोन्हींपैकी काही कबूल करीत नाही. मग सेवकाने काय करावे?" दरबारचे शास्त्री बोलिले की, बारा वर्षे वाट पाहून मग मृत समजावे ऐसे शास्त्र आहे, परंतु बारा वर्षे तिने काय खावे याविषयी शास्त्र मौन आहे. मग महाराजांनी चांगुणेकडे पाहिले आणि बोलिले, "बाई, आपले म्हणणे काय?"

चांगुणेने पदर सावरला. मग ती बोलिली, "महाराज, मला जाबता कळत नाय. माझा दादला आपल्या मनानं गेला नव्हता. पंतांनी हुकूम दिला म्हनून गेला. काम सरलं, आता घरी जा, असं अजून त्याला कोनी सांगितलेलं नाय. मग तो कामावरच हाय ना?" महाराज पंतांस बोलिले, "हुकूम तुमचा होता?" पंत बोलिले, "होय, महाराज." "तांडेल काही बोलिला होता?" पंत येथे खोटे बोलिले असते तर कोणास कळले नसते, कारण ते बोलणे दोघांतच जाहले होते. परंतु पंत बोलिले, "वारा ठरला नाही, आठ दिवस थांबू, ऐसे बोलिला होता." आणि मान खाली घातली.

मग महाराजांनी निवाडा दिला तो ऐसा. धन्याने ज्यास कामावर धाडिले त्यास परत आणावे, अथवा त्याचे खरे वर्तमान आणावे. तोवर तो कामावर आहे ऐसे समजावे आणि त्याचा पुरता मुशाहिरा महिन्याच्या महिन्यास घरी द्यावा. शोध करणे धन्याकडे आहे, बायकोकडे नाही. म्हणोन सरकारचा एक मचवा, म्हणजे लहान गलबत, दर मोसमास दक्षिणेच्या बंदरांस शोधास जावा, आणि त्याचा खर्च सरकारने सोसावा. आणि पुतळा जाळा मग पैका देतो, ऐसे जो कारभारी बोलेल त्याची चाकरी जाईल. हे सर्व वेशीवरच्या दगडात खाली कोरावे. पंत बोलिले, "महाराज, खजिना..." महाराज बोलिले, "खजिना माणसे धाडून भरतो, पंत. न परतली तर त्यातूनच जावा." तेव्हा साळू, जी तोवर मागे उभी होती, पुढे आली आणि बोलिली, "महाराज, आमाला बी पुरता मुशाहिरा मिळंल?" महाराज बोलिले, "मिळेल, बाई. गुराबेवरच्या सर्व घरांस मिळेल." साळू बोलिली, "आन् कुंकू?" महाराजांनी तिच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिले. मग ते गादीवरून उठले आणि आत गेले, आणि त्या दिवशी दरबार पुन्हा भरला नाही.

मग चांगुणा घरी आली, आणि पळपुटा हा शब्द पदाजीच्या नावावरून निघाला, आणि घर राहिले. मुशाहिऱ्याच्या दिवशी कचेरीत एकेका चाकराचे नाव पुकारीत आणि त्याने हजर म्हणावे ऐशी चाल होती. लखोपंत मनातून दुखावले होते. ते बोलिले की, कामावर आहे म्हणता तर त्याचेही नाव पुकारिले पाहिजे. आणि त्यांनी मोठ्याने हाक दिली, "पदाजी तांडेल!" खलाशी हसले. चांगुणा बायकांतून पुढे आली आणि बोलिली, "कामावर हायेत." दुसऱ्या महिन्यास थोडे हसले. पुढे कोणी हसेनासे जाहले, आणि मग ऐसे जाहले की त्या नावाच्या वेळी कचेरीत बोलणे थांबू लागले. पंतांचा आवाजही उतरला. मोठ्याने पुकारीत ते हळू पुकारू लागले, जैसे कोणी निजलेल्या माणसास उठवितो.

ऐशी वर्षे गेली. पोटाची ददात मिटली, आणि पोटाची ददात मिटली म्हणजे मग दुसरी भूक मोकळी होते, तैसे चांगुणेस जाहले. पहिल्या वर्षी जाळी विणण्यात आणि तांदळाच्या काळजीत दिवस जात होता. आता दिवस मोठा जाहला. प्रथम तिच्या स्मरणातून पदाजीचा आवाज गेला. चेहरा होता, हसणे होते, परंतु आवाज आठवेना. तेव्हा ती काही निमित्त काढून डोलकाठ्या उभ्या करतात तेथे जाई, आणि खलाशी एकमेकांस हाका देत त्या पाठमोरी बसून ऐके, की एखाद्या हाकेत तो सापडेल. आणि दर मोसमास शोधाचा मचवा परत यावयाचा तेव्हा ती धक्क्यावर उभी राही. मचव्याचा नाखवा भला माणूस होता. तो दुरूनच हात हालवून नाही म्हणे, की बाईने उगाच आशा धरू नये. पुढे त्याला तेही करवेना, मग तो मुद्दाम दिवस मावळल्यावर मचवा आत आणू लागला. तरी ती उभी असेच. भिमाई दर अवसेस समुद्रावर जाऊन ओंजळीने गोडे पाणी सोडून येई आणि सुनेस सांगत नसे. चांगुणा दर महिन्यास कचेरीत जाऊन कामावर हायेत म्हणे आणि सासूस सांगत नसे. एका घरात एकच माणूस एकीच्या लेखी मेलेला आणि एकीच्या लेखी जिवंत. दोघींस दोन्ही ठाऊक होते, आणि दोघी एका ताटलीत जेवीत.

मग नवव्या वर्षी मचवा भर दुपारी आत आला. नाखव्याने हात हालविला नाही. मचव्यातून एक माणूस उतरला, दाढी पांढरी, एक पाय ओढीत, आणि प्रथम कोणी ओळखिले नाही. तो गुराबेवरचा खलाशी दाऊद, परमुलखातून सुटून दक्षिणेच्या एका बंदरास आला तो नाखव्यास सापडला होता. गुराब सुटली तेव्हा तो तरुण होता, आणि त्याच्या घरी वाट पाहणारे कोणी नव्हते. तो कोणाशी न बोलता चांगुणेच्या घरी आला आणि अंगणात बसला. भिमाईने त्यास पाणी दिले. तो प्यायला आणि बोलिला, "वहिनी, गुराब फुटली. चाळिसांतले आम्ही दोघंच राहिलो. मी आणि तांडेल. डोलकाठी धरून दोन दिवस तरंगलो. मग परक्या मुलखाच्या जहाजानं उचललं आणि लांबच्या एका बेटावर नेऊन गुलाम म्हणून विकलं. नारळाच्या बागा होत्या. तिथं राबत होतो. तीन वर्षं तांडेल होता माझ्यासोबत. मग तापानं गेला." कोणी रडले नाही. चांगुणा बोलिली, "काय म्हनला?" दाऊद बोलिला, "रोज म्हणायचा, वारा फिरला की जाऊ. आणि तापात..." तो थांबला. चांगुणा बोलिली, "सांग." दाऊद बोलिला, "तापात त्याला तुमचा चेहरा आठवेना. फार तळमळला. मला म्हणाला, दाऊद, तू पाहिली होतीस तिला धक्क्यावर, सांग ना कशी आहे. वहिनी, मी तुम्हाला नीट पाहिलंच नव्हतं. तुम्ही पाठ करून उभ्या होता. पण मी सांगितलं. म्हटलं, गोरी आहे, ठेंगणी आहे, नाक बारीक, बोलणं गोड." चांगुणेने आपल्या सावळ्या लांब हातांकडे पाहिले आणि तिला हसू आले. ती बोलिली, "मग?" दाऊद बोलिला, "मग म्हणाला, हां, तीच. आणि झोपला."

तेव्हा चांगुणा खाली बसली. भिमाईने तिचे डोके आपल्या मांडीवर घेतले आणि बोलिली, "नऊ वर्सं मी रडले. आता तू रड. मी बसते." आणि ती संध्याकाळपर्यंत तैशीच बसली. दाऊद जावयास उठला तेव्हा बोलिला, "वहिनी, नाखव्याला मी इतकंच सांगितलं की आम्ही बेटावर पांगलो. पंत विचारतील, त्यांनाही तेच सांगेन. मुशाहिरा चालू राहील. तांडेलानं माझं रक्षण केलं, मी इतकं तरी करावं." चांगुणा मांडीवरून उठली. तिने पदराने तोंड पुसले आणि बोलिली, "नको, भाऊ. मेल्यावर बी त्याला कामावरच ठेवू का मी? सुटू दे त्याला."

मुशाहिऱ्याचा दिवस आला. लखोपंत आता थकले होते, डोळ्यांस कमी दिसे, तरी नावे स्वतःच पुकारीत. पदाजी तांडेलाचे नाव पुकारिले. उत्तर आले नाही. पंतांनी मान वर केली आणि पुन्हा पुकारिले. चांगुणा समोर उभी होती, आणि काही बोलिली नाही. पंतांनी लेखणी खाली ठेविली. कचेरीत बसलेले खलाशी एकेक करून उभे राहिले. पंत बोलिले, "बाई, त्या वेळी मी आठ दिवस थांबलो असतो तर..." चांगुणा बोलिली, "पंत, फुडचं नाव घ्या. मान्सं खोळंबलीत." पंतांनी पुढचे नाव घेतले.

पुढे राजधानीहून खजिन्याचा एक हुशार माणूस आला आणि बोलिला की, तांडेल मरून सहा वर्षे जाहली, तेव्हा सहा वर्षांचा मुशाहिरा जास्त गेला, तो बाईकडून परत घ्यावा. लखोपंत, जे एके काळी अशा गोष्टीवर संतोष पावले असते, ते काठी टेकीत उभे राहिले आणि बोलिले, "वर्तमान आणणे धन्याकडे होते. धन्याने सहा वर्षे उशीर केला. उशिराचा दंड चाकराने भरावयाचा काय? हे मी माझ्या सहीने लिहून देतो, आणि चुकले तर माझ्या घरातून वसूल करा." महाराजांनी तो कागद पाहिला आणि पंतांचेच म्हणणे कायम केले, आणि चांगुणेस कळविले की, जाबत्याप्रमाणे निम्मे वेतन हयातीपर्यंत पोचेल, आणखी काही मागणे असेल तर मागावे. चांगुणेने निरोप धाडिला की, जेथे त्यास पुरिले ती जागा बघावयाची आहे. लोकांनी भिमाईस पुसले, तू जाणार काय? ती बोलिली, "माझं पानी त्याला पोचलंय. तिचं राह्यलंय. तिला जाऊ द्या."

मग मोसम लागला तेव्हा शोधाचा मचवा शेवटचा निघाला, आणि त्यात चांगुणा होती आणि वाट दाखवावयास दाऊद होता. बेटाच्या धन्याशी महाराजांनी आधीच पत्राने बोलणे केले होते, म्हणोन कोणी अडविले नाही. बंदर सोडून एक महिना जाहला तेव्हा बेट दिसले. सपाट, पांढऱ्या वाळूचे, आणि वर नारळी इतक्या दाट की खाली ऊन पोचत नसे. दाऊद लंगडत पुढे चालिला आणि एका ठिकाणी उभा राहिला आणि मग दुसऱ्या ठिकाणी गेला आणि मग परत आला. त्याने लाकडाची खूण रोविली होती, ती नव्हती. सहा पावसाळ्यांत समुद्र आत आला होता आणि काठ तुटून गेला होता, आणि जेथे पूर्वी बाग होती तेथे आता गुडघाभर पाणी होते. दाऊद रडू लागला. बोलिला, "वहिनी, इथंच होती. इथंच कुठेतरी." चांगुणा बोलिली, "असू दे. कुठंतरी म्हंजी हितंच."

ती पाण्यात उतरली. नाखवा आणि दाऊद काठावर पाठ करून उभे राहिले. तिने दोन्ही हातांनी पाणी घेतले आणि कपाळावर घेतले, एकदा, आणि पुन्हा एकदा, आणि कुंकू पाण्यात उतरले आणि लाटेबरोबर गेले. मग ती वाळूवर येऊन बसली. बेटावरच्या काही बाया नारळ वेचीत होत्या. त्यांची भाषा हिला येत नव्हती आणि हिची त्यांस. त्यांतली एक वयस्क बाई जवळ आली, हिच्याकडे पाहिले, आणि काही न पुसता शेजारी बसली. दोघी समुद्राकडे तोंड करून बसल्या. ओहोटी लागली, मचवा निघावयाची वेळ जाहली, तेव्हा नाखव्याने दुरून खोकला केला. त्या बाईने आपल्या टोपलीतला एक नारळ चांगुणेच्या ओटीत ठेविला. विधवेची ओटी भरीत नाहीत हे तिला ठाऊक नव्हते, आणि चांगुणेने तो परत केला नाही.

येणेंप्रमाणे वर्तमान जाहले. महाराज गेले, पंत गेले, आणि त्या गुराबा पाहिलेले डोळेही गेले. धनी चाकराचे काय देणे लागतो, ऐसे जे कोणी पुढे पुसतील, त्यांनी वेशीवरचा दगड वाचावा. वरची ओळ न्यायाने लिहिली आहे आणि खालची ओळ एका बाईने वाट पाहिली म्हणोन लिहिली आहे. तिने वाट पाहिली त्याचे देणे मात्र कोणाच्या खजिन्यातून फिटले नाही. येथे लेखणी ठेविली.